वाड्याचे मत, घराचे मत, माझे मत

चंद्रपूरच्या रामाळा तलावाकाठी आम्ही सात-आठ सेवानिवृत्त मंडळी रोज सकाळी फिरायला जातो. फिरणे कमी आणि बोलणे जास्त, असा एकूण प्रकार. २४ नोव्हेंबर २०२४ चा रविवार मला चांगला आठवतो. आदल्या दिवशी विधानसभेचे निकाल लागले होते आणि आमच्यातले एक जुने बँकवाले भलतेच संतापले होते. जून महिन्यात याच चंद्रपूर लोकसभा मतदारसंघाने काँग्रेसच्या प्रतिभा धानोरकर यांना २ लाख ६० हजारांवर मताधिक्य देऊन दिल्लीला पाठवले होते. हरले होते ते राज्यातले वजनदार मंत्री सुधीर मुनगंटीवार. आणि साडेपाच महिन्यांनी त्याच मतदारसंघातल्या सहा विधानसभा जागांपैकी पाच भाजपने जिंकल्या. सहावी, वणीची, उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेकडे गेली. काँग्रेसच्या वाट्याला भोपळा. मुनगंटीवार बल्लारपुरातून पुन्हा आमदार झाले.

‘‘लोकांना निष्ठा नावाची चीजच राहिली नाही,’’ बँकवाले म्हणाले. ‘‘आपल्या वेळी एकदा पंजा म्हटला की पंजा. आता उन्हाळ्यात एक आणि हिवाळ्यात दुसरं!’’

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण घरी येऊन चहा घेताना मनाला चुटपूट लागून राहिली. मी प्राथमिक शिक्षक होतो. १९७७ पासून २००९ पर्यंत, म्हणजे तब्बल बत्तीस वर्षे, जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत मी मतदान केंद्रावर काम केले. कधी बोटाला शाई लावली, कधी यादीत नावे शोधली, पुढे केंद्राध्यक्ष म्हणून पेट्या आणि यंत्रे सांभाळली. मत देणारा माणूस मी जितक्या जवळून पाहिला, तितका आमच्या तलावाकाठच्या मंडळींपैकी कोणी पाहिला नसेल. तो खरेच इतका चंचल झाला आहे का? आणि आमच्या वेळी तो खरेच इतका एकनिष्ठ होता का?

कागद-पेन्सिल घेऊन बसलो. १९५२ पासून २०२४ पर्यंत या मतदारसंघात लोकसभेच्या अठरा सार्वत्रिक निवडणुका झाल्या. त्यांचा हिशोब मांडला आणि पहिल्या दहा मिनिटांतच आमच्या पिढीची एक आवडती समजूत कोसळली.

बैलजोडीची पेटी

पहिल्या निवडणुकीच्या गोष्टी मी वडिलांकडून ऐकल्या. आमचे गाव चिमूर तालुक्यातले. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटले तेव्हा बाबा अठरा वर्षांचे होते. गोळीबार झाला, त्यात बालाजी रायपूरकर हुतात्मा झाले, पुढे लष्कर आले, घराघरांतून माणसे उचलली गेली. बाबांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले होते. त्यामुळे त्यांच्यासाठी काँग्रेस हा पक्ष नव्हताच, ते त्यांचे कुळ होते.

१९५२ साली चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. १९५७ च्या निवडणुकीत तो द्विभाषिक मुंबई राज्यात होता आणि १९६२ साली महाराष्ट्रात. घर तेच, शेत तेच, पण लागोपाठच्या तीन निवडणुकांत राज्ये तीन. बाबा गमतीने म्हणत, ‘‘आम्ही हललो नाही, राजधान्याच हलल्या.’’

त्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेले असे. आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा, काम संपले. काँग्रेसची पेटी बैलजोडीची. बाबा सांगत की, काही बायका आधी पेटीला हात जोडत आणि मग कागद टाकत.

पण या भक्तीच्या मागे एक व्यवहारही होता. आमच्या भागातली मालगुजारी आणि जमीनदारी १९५१ साली कायद्याने संपली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पहिली निवडणूक सुरू झाली. मालकी गेली तरी वाडा उभाच होता. तलावाचे पाणी कोणाच्या शेताला आधी, बियाण्याला धान कोण देणार, लग्नाला उसने कोण देणार, हे सारे वाड्यावरच ठरे. मग मत कोणाला, हेही तिथेच ठरे. जंगलपट्टीत वाड्याच्या जागी राजा किंवा जमीनदार होता, इतकाच फरक. मत माणशी एक होते, पण निर्णय गावागणिक एकच होता.

आता समजूत कोसळल्याचे सांगतो. चांदा म्हणजे काँग्रेसचा बालेकिल्ला, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. विधानसभेत त्या पक्षाचे बळ होतेच. वृत्तपत्रे विकून शिकलेले आमच्याच जिल्ह्याचे मा. सां. कन्नमवार १९६२ साली राज्याचे मुख्यमंत्री झाले, तेव्हा जिल्ह्यात केवढा आनंद झाला होता! पण लोकसभेचा हिशोब पाहा. १९५२ आणि १९५७ साली काँग्रेस. १९६२ साली मात्र पानाबारसचे राजे लालश्याम शाह अपक्ष म्हणून निवडून आले. त्यांनी राजीनामा दिल्यावर १९६४ ची पोटनिवडणूक काँग्रेसने जिंकली, पण १९६७ साली पुन्हा अपक्ष, के. एम. कौशिक. १९७१ साली काँग्रेसचे अब्दुल शफी. १९७७ साली अहेरीचे राजे विश्वेश्वरराव. म्हणजे पहिल्या सहा सार्वत्रिक निवडणुकांपैकी काँग्रेसने जिंकल्या तीन, नेमक्या निम्म्या! ज्या अखंड निष्ठेची आम्ही आठवण काढतो ती १९८० ते १९९१ या काळातली. शांताराम पोटदुखे तेव्हा लागोपाठ चार वेळा निवडून आले. अकरा वर्षांच्या आठवणीला आम्ही पन्नास वर्षांचा इतिहास समजून बसलो होतो.

आणि जे दोन राजे निवडून आले, त्यांना मिळालेली मतेही व्यक्तीची नव्हती. ती वाड्याची, जमातीची, मुलखाची मते होती. एका वाड्याचे मत बैलजोडीला गेले, दुसऱ्या वाड्याचे तिच्या विरोधात गेले. ज्याचे बोट होते त्याला कोणी विचारले नव्हते.

शाईचे बोट

हे बदलताना मी पहिल्यांदा पाहिले ते १९७७ साली, आणि त्या आठवणीत माझ्या वाट्याला फारसे भूषण नाही.

१९७६ साली मी राजुरा तालुक्यातल्या एका गावी शिक्षक होतो. हा तालुका पूर्वी निजामाच्या राज्यात होता, तो १९५९ साली आमच्या जिल्ह्यात आला. आणीबाणी चालू होती. कुटुंबनियोजनाच्या ‘केसेस’ आणल्याशिवाय पगार निघणार नाही, असे आम्हा शिक्षकांना सांगण्यात आले. दोन महिने पगार आला नाही. नवे लग्न, घरी पैसे पाठवायचे. शेवटी मी एका सालदाराला गाठले. त्याला तीन मुले होती, एवढेच कारण मला पुरले. पैसे मिळतील, दोन दिवसांचे काम, काही होत नाही, असे त्याला पटवले. गुरुजी सांगतात म्हणजे खरेच असेल, म्हणून तो आला.

त्याची जखम चिघळली. महिनाभर तो कामाला जाऊ शकला नाही आणि मालकाने दुसरा गडी ठेवला. माझा पगार निघाला. त्याने मला कधी एका शब्दाने दोष दिला नाही, आणि नेमके तेच मला जास्त लागले.

मार्च १९७७ मध्ये निवडणूक आली. दुसऱ्या गावच्या केंद्रावरचे काम आटोपून मी परतलो, तेव्हा तो पारावर बसला होता. मला पाहून उठला, शाई लावलेले बोट वर करून दाखवले आणि शांतपणे म्हणाला, ‘‘तवा मी तुमचं आयकलो, गुरुजी. यंदा माहं आयकलो.’’

त्या निवडणुकीत विदर्भातल्या बहुतेक मतदारसंघांनी काँग्रेसलाच साथ दिली होती. उत्तर भारतातली लाट इथवर पोचली नव्हती. चंद्रपूर मात्र विश्वेश्वररावांच्या रूपाने जनता पक्षाच्या बाजूने गेले. आता त्यात राजाचा मान किती, वेगळ्या विदर्भाची ओढ किती आणि आणीबाणीचा राग किती, हे कोणी सांगावे? पण पारावरच्या त्या माणसाने राजाकडे पाहून मत दिले नव्हते, हे मी शपथेवर सांगेन. ते मत वाड्याचे नव्हते. ते गुरुजींचेही नव्हते. माझ्या पाहण्यातले ते पहिले ‘माझे मत’.

एका घरात दोन झेंडे

वाड्याची सत्ता ओसरली, तसे मत घरात आले. घरात आले म्हणजे घरातल्या कर्त्या पुरुषाकडे आले. १९८० च्या दशकात मी मतदारयाद्या घेऊन गावोगाव फिरलो तेव्हा हाच अनुभव. ‘‘घरात किती मतं?’’ असे विचारले की उत्तर येई, ‘‘पाच. पाची पंजाले.’’ बायकोची, सुनेची, म्हाताऱ्या आईची मते एका दमात सांगून मोकळे.

त्या काळात जिल्ह्याचे रूप मात्र झपाट्याने पालटत होते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. चंद्रपुराकडे कोळशाच्या खाणी वाढल्या, दुर्गापूरला वीज केंद्र उभे राहिले, राजुरा-कोरपना पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आले. बल्लारपूरचा कागद कारखाना जुनाच होता. देशभरातून माणसे आली. गावातली पोरे पाळीवर जाऊ लागली. ज्याच्या खिशात पगाराचे पाकीट स्वतःच्या नावाचे, तो मत तरी दुसऱ्याच्या नावाने का देईल? १९८९ साली मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. राजुऱ्याकडे शेतकरी संघटनेने कापूस उत्पादकांना एकत्र केले होते. वामनराव चटप त्याच बळावर आमदार झाले. १९९० नंतर मंडल आयोगाने कुणबी, तेली, माळी अशा समाजांतल्या तरुणांना आपली संख्या मोजायला शिकवले.

आमच्याच घरात हे वादळ शिरले. माझा धाकटा भाऊ सिमेंट कारखान्यात लागला होता. १९९५ च्या विधानसभेच्या वेळी त्याने गावच्या घरावर भगवा लावला. बाबा तेव्हा सत्तरी ओलांडलेले. डोक्यावरची पांढरी टोपी सरळ करत ते म्हणाले, ‘‘या घराने गोळीबार पाहिलाय. इथे दोन झेंडे लागणार नाहीत.’’ भाऊ म्हणाला, ‘‘बाबा, तुमच्या गोळीबाराला त्रेपन्न वर्षं झाली. मला आजचं सांगा.’’

पुढे वर्षभर दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. एका पंगतीला बसत, पण भाजी वाढायलाही आईला मध्ये घालत. १९९६ साली हंसराज अहीर यांनी चंद्रपूरची जागा पहिल्यांदा भाजपकडे नेली. चिमूरही त्याच पक्षाकडे गेले. बाबा दिवसभर ओट्यावर बसून राहिले. मला वाटते, त्यांना पराभवापेक्षा एकटेपण जास्त जाणवले असावे.

आईला मी नंतर एकदा एकांतात विचारले होते, ‘‘तू कोणाला दिलंस गं?’’ ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘तुझ्या बाबांनी पंजा सांगितला. धाकट्यानं कमळ सांगितलं. मी दोघांनाही हो म्हटलं.’’ पुढे ती काही बोलली नाही. २००८ साली ती गेली. तिचे मत तिच्याबरोबरच गेले.

जंगलातली रांग

नोकरीची शेवटची वर्षे मी गडचिरोली जिल्ह्यात काढली. इथे मत देणे म्हणजे नुसते पसंती-नापसंती सांगणे नव्हते. नक्षलवाद्यांच्या बहिष्काराची पत्रके झाडांवर लागत. १९९१ साली अहेरीचे आमदार धर्मरावबाबा आत्राम यांचेच अपहरण झाले होते. मग साध्या माणसाने काय करावे?

२००४ ची लोकसभा. पहिल्यांदाच सगळीकडे मतदान यंत्रे होती. एटापल्ली तालुक्यातल्या एका केंद्रावर आम्ही पोलिसांबरोबर पायी चालत गेलो. एप्रिलचे दिवस, मोहफुले वेचण्याचा हंगाम. दुपारपर्यंत चार मते पडली. मग झाडीतून एकामागून एक अकरा बायका आल्या. टोपल्या बाहेर ठेवल्या आणि सगळ्यांत म्हातारीने माडियात काहीतरी सांगितले. गावच्या कोतवालाने मराठीत केले, ‘‘मत देतो म्हनते, पन शाई नोको म्हनते.’’

बोटावरची शाई परतीच्या वाटेवर कोणी पाहिली तर काय होईल, हे मला समजत होते. पण शाईशिवाय मत नाही हा नियम. मी तसे सांगितले. त्या बाजूला जाऊन बराच वेळ आपसात बोलल्या. नऊ जणींनी बोट पुढे केले, दोघी परत गेल्या. मत देऊन झाल्यावर त्या नऊजणी ओढ्याकाठी बसून वाळूने बोटे घासत होत्या, ते मला केंद्राच्या दारातून दिसत होते.

त्यांनी कोणाला मत दिले मला ठाऊक नाही. पण ज्यांना मताची एवढी किंमत मोजावी लागते, त्यांना कोणी चंचल म्हणू नये. २०१९ आणि २०२४ साली गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सत्तर टक्क्यांहून जास्त मतदान झाले, तेही बऱ्याच भागांत दुपारी तीनलाच मतदान संपत असताना. मुंबईत लोक पन्नास टक्क्यांच्या आसपास रेंगाळतात आणि लोकशाहीवर चर्चा करतात.

या जंगलात पक्षाखेरीज एक वेगळीच निष्ठा वाढलेली मी पाहिली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावाने ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ अशी घोषणा दिली, तेव्हा अनेकांना ती पोरकट वाटली होती. पण १९९६ चा पेसा कायदा आला, २००६ चा वनहक्क कायदा आला, मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर हक्क मिळाला आणि २०११ साली त्या ग्रामसभेने आपला बांबू आपल्या परवान्यावर विकायला सुरुवात केली. २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत तर काही भागांत ग्रामसभांनी स्वतःचे उमेदवार उभे केले आणि त्यांतले काही निवडूनही आले. २०१९ च्या लोकसभेत याच मतदारसंघात २४ हजारांहून जास्त लोकांनी ‘नोटा’चे बटण दाबले. ही उदासीनता म्हणायची की स्पष्ट उत्तर? डोंगरावर खाण हवी की नको, ओबीसींच्या नोकऱ्यांतले आरक्षण सहा टक्क्यांवर का आणले, अशा प्रश्नांवर दोन बाजू असतील, आहेतच. पण प्रश्न आता गावाचे स्वतःचे आहेत.

आणि वाडा? अहेरीच्या राजघराण्याचे मत एकेकाळी साऱ्या मुलखाचे मत होते. २०२४ च्या विधानसभेत तिथे धर्मरावबाबा आत्राम, त्यांच्या विरोधात त्यांची कन्या भाग्यश्री आणि पुतणे अम्ब्रीशराव असे तिघे एकाच घराण्यातले उभे होते. धर्मरावबाबा जिंकले. पण मतदाराला वाड्याकडे पाहून मत द्यायचे म्हटले तरी कोणत्या दाराकडे पाहायचे हे त्याला स्वतःच ठरवावे लागले. ज्या वाड्याने एके काळी गावाचे मत एक ठेवले, त्याचेच मत तिघांत वाटले गेले.

आधी कोणी सोडले?

आता परत आमच्या बँकवाल्यांच्या रागाकडे येतो. निष्ठा गेली म्हणतात, पण ती पहिल्यांदा कोणी सोडली?

२०१४ च्या उन्हाळ्यात संजय देवतळे चंद्रपुरातून काँग्रेसचे लोकसभेचे उमेदवार होते. त्याच वर्षी विधानसभेला ते वरोऱ्यात भाजपचे उमेदवार झाले. त्या लढतीत त्यांना हरवणारे सुरेश तथा बाळू धानोरकर तेव्हा शिवसेनेचे. २०१९ च्या लोकसभेच्या तोंडावर ते काँग्रेसमध्ये आले, आधी जाहीर झालेली उमेदवारी बदलून त्यांना मिळाली आणि सबंध महाराष्ट्रातून निवडून आलेले काँग्रेसचे ते एकमेव खासदार ठरले. विजय वडेट्टीवार २००४ साली शिवसेनेचे आमदार होते, पुढे काँग्रेसचे मोठे नेते झाले. किशोर जोरगेवार यांनी २०१९ साली चंद्रपुरात अपक्ष म्हणून घवघवीत यश मिळवले. वीज तयार करणाऱ्या जिल्ह्याला दोनशे युनिट मोफत द्या, ही त्यांची मागणी घरोघर पोचली होती. २०२४ साली ते भाजपकडून निवडून आले. यांत कोणाचे चुकले असे मला म्हणायचे नाही. प्रत्येकाची कारणे असतील. पण नेत्याने पक्ष बदलला की ती ‘राजकीय भूमिका’ आणि मतदाराने बदलला की ती ‘गद्दारी’, हा कुठला न्याय?

मग मी पेन्सिलीने आणखी एक रकाना आखला. चंद्रपूरचा खासदार कोणाचा आणि दिल्लीचे सरकार कोणाचे? १९९८ आणि १९९९ साली दिल्लीत वाजपेयी, चंद्रपुरात काँग्रेसचे नरेश पुगलिया. २००४ आणि २००९ साली दिल्लीत मनमोहन सिंग, चंद्रपुरात भाजपचे अहीर. २०१४ साली तेवढे दोन्हीकडे भाजप. २०१९ साली दिल्लीत पुन्हा मोदी आणि इथे केंद्रात राज्यमंत्री असलेले अहीर पराभूत. २०२४ साली पुन्हा तेच. सात निवडणुकांत सहा वेळा या मतदारसंघाने दिल्लीच्या उलट कौल दिला! हे ठरवून होत नाही हे मला कळते. तिरंगी लढती असतात. चटपांनी २००९ आणि २०१४ साली दीड-दोन लाखांच्या घरात मते घेतली होती. २०१९ साली वंचित बहुजन आघाडीने लाखावर मते घेतली, २०२४ साली संविधानाचा प्रश्न पुढे आल्यावर त्यांतली चौथाई मतेही तिच्याकडे राहिली नाहीत. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी ज्या शहरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली, तिथे त्या प्रश्नाचे वजन वेगळे सांगायला नको. पण एवढे मात्र खरे की, वाऱ्याबरोबर वाहणारा मतदार सहा-सहा वेळा वाऱ्याच्या उलट जात नाही.

बायकांचे मत तर आता घरापासूनही वेगळे झाले आहे. चिमूरहून नागपूरपर्यंत दारूबंदीसाठी चालत गेलेल्या बायका इथल्याच. गडचिरोलीत १९९३ साली बंदी झाली, चंद्रपुरात २०१५ साली झाली आणि २०२१ साली उठली. नवऱ्याच्या पक्षाने काय केले आणि आपल्या घरात काय झाले, हे दोन वेगळे हिशोब आहेत हे त्या तेव्हाच शिकल्या.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंना मी त्या नोव्हेंबरात सहज विचारले. एप्रिलमध्ये त्यांनी धानोरकरताईंना मत दिले होते, हे त्यांनीच पूर्वी सांगितले होते. २०२३ च्या मे महिन्यात त्या घरातले सासरे आणि पती चार दिवसांत गेले, ते साऱ्या जिल्ह्याने पाहिले होते. आणि नोव्हेंबरात? ताई हसल्या. ‘‘तवा त्या बाईचं दुख दिसलं, काका. आता माह्या बुकात दर महिन्याले दीड हजार दिसले. दोन्ही बी खरंच होतं.’’

मी त्यांना म्हटले, ‘‘आणि पैसे बंद झाले तर?’’

‘‘तं पुढच्या खेपेले पाहू,’’ म्हणत त्यांनी कुकर लावला.

काय गेले, काय आले

यात सगळे चांगलेच आहे, असे मला म्हणायचे नाही. वाड्याबरोबर वाड्याचा आधारही गेला. पूर्वीचा पक्षाचा कार्यकर्ता पाच वर्षे गावात असे. अर्ज लिहून देई, दवाखान्यात सोबत येई, मयतीला खांदा देई. आजचा कार्यकर्ता निवडणुकीपुरता येतो आणि पुढच्या खेपेला त्याच्या गळ्यात दुसरा दुपट्टा असतो. जे मत कोणाच्या मालकीचे नाही, ते विकत घेण्याचा मोहही वाढतो. मतदानाच्या आदल्या रात्री गल्लीत काय वाटले जाते, हे वाचकांना मी सांगायला नको. आणि धानाचा भाव, वाघाच्या भीतीने पडीक राहिलेली शेते, कोळशाच्या धुळीने भरलेली फुप्फुसे, हे प्रश्न पाच महिन्यांत सुटणारे नाहीत. दर खेपेला नवा हिशोब मांडणाऱ्या मतदाराला लांबचे काम करून घेणे अवघड जाते, हेही खरे.

पण सालदाराचे ते शाईचे बोट आठवले, ओढ्याकाठी वाळूने घासली जाणारी बोटे आठवली, की मला जुन्या निष्ठेबद्दल फार हळहळ वाटत नाही. तिच्यातली बरीचशी निष्ठा ही दुसऱ्याने आपल्या नावावर चढवलेली होती. बाबांची निष्ठा खरी होती, कारण तिची किंमत त्यांनी स्वतः मोजली होती. फक्त ती वारशाने देता येईल असे त्यांना वाटले, तिथे ते चुकले. धाकट्याने आपली निष्ठा स्वतः शोधली. ती पुढे बदललीही. सिमेंट कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांचा प्रश्न कोणीच घेत नाही म्हणून तो आज दोन्ही पक्षांवर रागावलेला आहे. बाबा असते तर या एका मुद्द्यावर दोघांचे एकमत झाले असते.

दुसऱ्या दिवशी तलावाकाठी मी माझा कागद बँकवाल्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. ‘‘१९६२ आणि ६७ ला अपक्ष? मला आठवतच नव्हतं,’’ म्हणाले. मग थोडे अंतर चालल्यावर हळूच म्हणाले, ‘‘खरं सांगू का गुरुजी, एप्रिलमध्ये आणि आता, माझंही मत एकीकडे गेलं नाही.’’

माझी नात नुकतीच अठरा वर्षांची झाली. नाव नोंदवायला नमुना ६ भरताना तिने विचारले, ‘‘आजोबा, आपल्या घराचं मत कोणाला असतं?’’

मी तिला तिच्या पणजीची, तांदूळ निवडतानाची गोष्ट सांगितली. ती मनापासून हसली. ‘‘म्हणजे तुम्ही मला काही सांगितलंत, तर मी फक्त हो म्हणायचं,’’ म्हणाली आणि अर्जावर सही करायला पेन मागितले.